सहा जानेवारीला जन्मलेला तालुका

या पृथ्वीवर माणसापेक्षा तारखेला जास्त मान देणारे एकच गृहस्थ आहेत आणि ते माझे सासरे आहेत. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात, म्हणून मीही त्यांना मामा म्हणतो. ते मला जावईबापू म्हणतात. त्या ‘बापू’त जेवढा आदर असायला हवा तेवढा एरवी असतो, पण मी कॉम्प्युटरसमोर बसलेला दिसलो की तो निम्म्यावर येतो. सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावात एका संस्थेची पहिली ते दहावीची शाळा आहे. तिथे मामांनी सगळी नोकरी कारकून म्हणून काढली. मुख्याध्यापक आले नि गेले, पत्रे उडाले नि पुन्हा बसले, मामा मात्र एकाच वहीला धरून राहिले. ती वही म्हणजे जनरल रजिस्टर. शाळेत आलेल्या प्रत्येक लेकराचं नाव, आईबापाचं नाव आणि जन्मतारीख, एकदा अंकी आणि एकदा अक्षरी, असं त्यात लिहायचं असतं. निवृत्त झाल्यावर ते हिंगोलीला आमच्याच गल्लीत राहायला आले आणि शाळेऐवजी माझ्या दुकानात रोज साडेदहाला हजर होऊ लागले. माझं दुकान एसटी स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पाटीवर ‘डेटाबेस सोल्युशन्स’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय आणि आत बहुतेक वेळ झेरॉक्स चालू असते.

आमची ओळख लग्नाच्या आधीची होती, हे मला लग्न ठरताना कळलं. मी पुसेगावजवळच्याच एका वाडीतला, त्याच शाळेत शिकलेला. आमच्यात पत्रिका बघत नाहीत. मामांनी त्याऐवजी माझा शाळा सोडल्याचा दाखला मागितला. मी कॉम्प्युटरची चार प्रमाणपत्रं लॅमिनेशन करून नेली होती, त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मामांनी दाखला उजेडात धरला, खालवर केला आणि म्हणाले, “अक्षर आमचंच हाय.” मग जन्मतारखेवर बोट ठेवलं, एक जून, आणि थोडे ओशाळल्यासारखे हसले. ते का हसले हे विचारायचं मला सुचलं नाही, कारण तेवढ्यात चहा आला होता आणि चहा आणणारीकडे बघण्यात मी गुंतलो होतो.

एक जूनची भानगड बाहेरच्या माणसाला समजावून सांगावी लागते. शाळा उघडायची जूनमध्ये. आई पोराचा हात धरून यायची, पोराची तारीख तिला ठाऊक नसायची आणि गुरुजींना घाई असायची. गुरुजी पोराकडे बघून वय ठरवायचे. तारीख मात्र सगळ्यांना एकच, एक जून. माझ्या पिढीतली निम्मी माणसं कागदावर एकाच दिवशी जन्मलेली आहेत. आमच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप वर्षभर झोपलेला असतो आणि एक जूनला सकाळपासून सगळे एकमेकांना एकच केक पाठवत राहतात.

मामांच्या सवयी सांगायच्या तर सुरुवात स्वयंपाकघरापासून करावी लागेल. सासूबाईंच्या लोणच्याच्या प्रत्येक बरणीला चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर बरणी भरल्याची तारीख अंकी लिहिलेली, खाली तीच अक्षरी. महिना नेहमी नावाने. नुसत्या आकड्यावर त्यांचा काडीइतका विश्वास नाही. सासूबाई म्हणतात, लोणचं संपतं पण ह्यांची चिठ्ठी निघत न्हाई. मीही एकदा हसत हसत विचारलं होतं की, मामा, अंकी लिहिल्यावर पुन्हा अक्षरी काहून? ते म्हणाले, आकडा हा वाचणाऱ्याच्या मनाचा असतो. हे वाक्य मी त्या वेळी म्हातारपणाच्या खात्यात टाकलं आणि विसरून गेलो. हुशार माणसाने कोणती गोष्ट विसरायची, याची मला उपजतच चांगली जाण आहे.

दुसरी सवय ‘पर्यंत’ या शब्दाची. लग्नानंतर पहिल्यांदा बायको माहेरी गेली तेव्हा मी ऐटीत सांगितलं, रविवारपर्यंत राहू द्या. मामांनी विचारलं, “रविवार धरून का सोडून?” मी म्हणालो, काय ते तुम्हीच बघा. रविवारी सकाळी दहाला मी घ्यायला गेलो. मामांनी पाणी दिलं, चहा दिला, जेवायला वाढलं, दुपारी खाटेवर गादी घातली. बायकोची पिशवी काही कोपऱ्यातून हलेना. संध्याकाळी मी घसा खाकरला तेव्हा मामा शांतपणे म्हणाले की, सोडून असं तुमी बोलले न्हाईत, मंग आमी धरून धरला. रविवार अजून सरायचा हाय. मी ती रात्र सासुरवाडीत काढली. सोमवारी उजाडताच मामांनी स्वतःच्या हाताने पिशवी उचलून मला फाट्यापर्यंत आणून सोडलं. बायको वाटेत इतकी हसत होती की जीपवाल्याने दोनदा मागे वळून पाहिलं.

मेहुण्याच्या लग्नाचं वऱ्हाड न्यायचं होतं तेव्हा गाडीची यादी करायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात डेटाबेस येणारा मीच. ज्यांनी येतो म्हणून निरोप दिला त्यांची नावं मी लिहिली आणि बाकीचे येत नाहीत असं धरून गाडी सांगितली. लग्नाच्या दिवशी पुसेगावच्या फाट्यावर भरजरी कपडे घातलेली अकरा माणसं उभी होती. त्यांनी येतो असंही कळवलं नव्हतं आणि नाही असंही नाही. मी घाम पुसत होतो. मामांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर तीन रकाने होते, येतो, न्हाई, आणि तिसऱ्याला त्यांनी ‘अजून ठाऊक न्हाई’ असं नाव दिलं होतं. तिसऱ्या रकान्यात बरोबर ही अकरा नावं होती, आणि त्यांच्यासाठी एक जीप मामांनी आदल्याच दिवशी सांगून ठेवली होती. मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले की, निरोप आला न्हाई म्हंजे न्हाई म्हणाला असं नसतं, जावईबापू.

डेटाबेसमध्ये या तिसऱ्या रकान्यालाच नल म्हणतात. रिकामी जागा. शून्यही नव्हे, नकारही नव्हे; ठाऊक नाही, एवढंच. हे मला पुण्यातल्या क्लासमध्ये मोठ्या फळ्यावर शिकवलं होतं आणि मी ते परीक्षेत लिहूनही आलो होतो. मामांना ते कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी कॉम्प्युटरच्या बटणाला आजवर बोट लावलेलं नाही. ते म्हणतात, त्याला एकदा खाडाखोड करायची सवय लागलीय, आपण कशाला. खाडाखोडीवर त्यांचा जन्माचा राग आहे. रजिस्टरात चूक दुरुस्त करायची तर चुकीवर एकच लाल रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. आणि त्याच्याही आधी काय बदलणार ते बोटाने दाखवायचं. घरामागच्या वाफ्यातलं गवत काढायला मी एकदा बसलो तर म्हणाले, उपटायच्या आधी कोणकोणतं उपटणार ते बोटानं दाखवा. मी हसून सपासप हात चालवला. त्या वर्षी सासूबाईंना कोथिंबीर विकत आणावी लागली.

आणि त्यांचा वेग. मी एकदा त्यांना माझा प्रताप दाखवायला म्हणून हिंगोलीतल्या एका शाळेत एका वर्षी आलेल्या मुलांची यादी काढायला बसलो. माझी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, प्रत्येक नोंद उघडायची, तिच्या तारखेतून साल वेगळं काढायची, जुळतंय का बघायची आणि पुढे जायची. चहा आला, चहा निवला, यादी येईना. मामांनी विचारलं की हे काय करून राहिलं. मी सांगितलं. ते म्हणाले, आमच्या कपाटात गठ्ठे तारखेवार लावलेले असतात, साल शोधायला आमी काय सगळे गठ्ठे सोडतो काय? अमुक जूनपासून पुढच्या जूनच्या आत, एवढं इचारायचं, म्हंजे हात थेट त्याच गठ्ठ्यावर जातो. मी नाखुशीनेच क्वेरी तशी बदलली. यादी इतक्या पटकन आली की मला ती आधीपासून तिथे असल्यासारखी वाटली. मी मामांना सांगितलं की कॉम्प्युटर आता तापलाय म्हणून वेगात चालतोय. त्यांनी ते ऐकून घेतलं.

आता मुख्य पराक्रम. दोन वर्षांपूर्वी संस्थेने ठरवलं की सगळी जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरवर घ्यायची. काम मामांच्या शब्दावर मला मिळालं. मी टायपिंगला तीन मुली ठेवल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांना भाषण दिलं की डेटाबेसमध्ये एकच माहिती दोनदा ठेवणं यासारखं दुसरं पाप नाही. तेव्हा जन्मतारीख फक्त अंकी घ्या, अक्षरीचा रकाना सोडून द्या. मामा कोपऱ्यात बसले होते. त्यांनी विचारलं, अक्षरी कुठं गेलं? मी तेच भाषण त्यांनाही दिलं, जरा सावकाश. ते म्हणाले, “बरं.” मामांचं ‘बरं’ ज्याने ऐकलंय तो आपलं काम पुन्हा पहिल्यापासून तपासायला बसतो, पण मला तेव्हा ते होकारासारखं वाटलं.

मुलींनी हिवाळाभर टायपिंग केलं. मी सगळं डेटाबेसमध्ये ओतलं आणि हौसेने पहिली क्वेरी मारली की सगळ्यात जास्त लोक कोणत्या तारखेला जन्मले. उत्तर आलं, सहा जानेवारी. हजारांनी माणसं सहा जानेवारीला जन्मलेली, पिढ्यानपिढ्या. माझ्यासारख्या जाणकाराला कारण लगेच समजलं: मुलींनी आळस केला, एकच तारीख खालपर्यंत ओढून दिली. मी तिघींना फैलावर घेतलं. त्यातली एक हळूच म्हणाली, सर, आमी तर एक जूनच टाइप केलं. मी तिला मधे बोलू नकोस म्हणालो. मग मी टेचात एका ओळीचा हुकूम सोडला की जिथे जिथे सहा जानेवारी असेल तिथे जन्मतारीख रिकामी करा. मामा म्हणाले, आधी बोटानं दाखवलं का? मी म्हणालो, मामा, कॉम्प्युटरला बोट नसतं. आणि स्वच्छतेच्या भरात मूळ फायलीवरही तीच नवी फाइल चढवली, म्हणजे जुन्या चुकीचा मागमूस नको. लाल रेघ नाही, सही नाही, खालचं अक्षर वाचायची सोय नाही.

याचा निकाल मे महिन्यात लागला. संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात मदतनीस बाईची कायम जागा निघाली. अट अशी की उमेदवार संस्थेच्या शाळेतली माजी विद्यार्थिनी हवी आणि एक मे रोजी तिचं वय पंचेचाळीसच्या आत हवं. वयं माझ्याच डेटाबेसमधून घ्यायची होती. आलेल्या मोजक्या अर्जांच्या मी दोन याद्या काढून दिल्या. ज्यांचं वय पंचेचाळीसच्या आत त्या पात्र, ज्यांचं पंचेचाळीस किंवा जास्त त्या अपात्र. याद्या कार्यालयाच्या दारावर लागल्या. खाली लिहिलं होतं की हरकत एकतीस मेपर्यंत घ्यावी, आणि हरकतींची नोंदही माझ्याच प्रोग्राममध्ये व्हायची होती.

एकतीस मेला सकाळी अकराच्या उन्हात शोभाबाई माझ्या दुकानात आल्या. पुसेगावच्या. दुसऱ्यांच्या रानात रोजाने जाणाऱ्या, लग्नाकार्यात शंभर माणसांचा स्वयंपाक एकटीने उरकणाऱ्या, अशी त्यांची ओळख मामांनी मला नंतर करून दिली. पदराने तोंड पुसत त्या उभ्या राहिल्या. कार्यालयातून त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. म्हणाल्या, “दादा, मी ह्या यादीत न्हाई, त्या यादीतबी न्हाई. मी हाय का न्हाई, तेवढं सांगा.”

मी त्यांचं नाव शोधलं. नाव होतं. जन्मतारखेची जागा रिकामी होती, आलेल्या अर्जांत फक्त त्यांचीच. रिकामं वय पंचेचाळीसपेक्षा कमीही नसतं आणि जास्तही नसतं, म्हणून माझ्या दोन्ही क्वेऱ्यांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. हे मी त्यांना नीट समजावून सांगू लागलो. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या की, एक जूनला मला पंचेचाळीस पुरी होतात. ह्या साली बसते, पुढच्या साली बसत न्हाई. यंदा गेलं म्हंजे गेलंच. त्यांचा आवाज वाढला नाही, आणि त्यामुळेच मला जास्त लाज वाटली. फाट्यावरची अकरा माणसं मला आठवली. तिसरा रकाना मी पुन्हा विसरलो होतो.

मामांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी मला दोन प्रश्न विचारले: जागा रिकामी कोणी केली, आणि आधी तिथं काय होतं. मी सांगितलं, सहा जानेवारी. त्यांनी समोरच्या कागदावर ०१/०६ लिहिलं, कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, तुमच्या यंत्राला इचारा, हे काय हाय. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या तक्त्यात मुलींनी टायपिंग केलं त्याला परदेशी रीत लावलेली होती, आधी महिना मग दिवस. मुलींनी एक जून लिहिलं, त्याने पहिल्या महिन्याची सहा तारीख वाचली. दिवस बारापेक्षा मोठा असेल तिथे त्याला तेरावा महिना सापडेना, म्हणून ती तारीख त्याने तशीच ठेवून दिली. त्या मी हाताने वळवल्या होत्या आणि त्या बरोबर आल्या म्हणून खुशीत होतो. सगळ्या तालुक्याला मी जूनमधून उचलून जानेवारीत नेलं होतं आणि मग तिथूनही हाकललं होतं.

रजिस्टर पुसेगावच्या शाळेत होतं. शाळेला उन्हाळी सुट्टी, मुख्याध्यापक लग्नाला गेलेले, किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई मामांच्या हाताखाली तयार झालेला असल्यामुळे फोनवरून कुणाचंच ऐकणारा नव्हता. मुख्याध्यापकांनी फोनवर परवानगी दिली. आम्ही तिघं जीपने निघालो. दोन्ही बाजूंची रानं नांगरून तापत पडली होती. मी पूर्ण रस्ताभर डेटाबेसबद्दल एक अक्षर काढलं नाही. बायको म्हणते, लग्नानंतरचा तो माझा सर्वात लांब मौनाचा काळ असावा.

शाळेच्या कपाटातले बाकीचे गठ्ठे मामांनी सोडलेच नाहीत. कडेच्या चिठ्ठ्या वाचत गेले, तिसऱ्या गठ्ठ्यावर थांबले, गाठ सोडली आणि चौथ्यांदा पान उलटलं तेव्हा शोभाबाईंचं नाव समोर होतं. अंकी तारीख होती, आणि शेजारी मामांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, एक जून, पुढे सालही अक्षरी. मामांनी बोट अक्षरांवर ठेवलं. म्हणाले, “आकडा तुमचं यंत्र कसंबी वाचंल, जावईबापू. हे कसं वाचंल?” मी पानाचा फोटो काढला. तोही दोनदा, कारण पहिल्यात माझा अंगठा आला होता.

हिंगोलीत परत आलो तेव्हा साडेचार वाजले होते. कार्यालय सहाला बंद होणार होतं. मी ऐटीत प्रोग्राम उघडला, शोभाबाईंची हरकत भरली, बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली: मुदत संपलेली आहे. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग कॅलेंडरकडे. एकतीस मेच होती. शोभाबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि मामा पडद्याकडे. मामांनी अगदी हळू विचारलं, “एकतीस धरून का सोडून?”

नुसती तारीख लिहिली की यंत्र तिचा पहिला क्षण धरतं, म्हणजे आदल्या दिवशीची मध्यरात्र. मी लिहिलं होतं, एकतीस तारखेपर्यंत. म्हणून एकतीस उजाडायच्या आतच माझ्या दाराला कडी लागली होती. सासुरवाडीच्या खाटेवर काढलेला तो सबंध रविवार माझ्या अंगावरून गेला. मी संस्थेच्या सचिवांना फोन करून माझी चूक कबूल केली. ते म्हणाले, सूचनेत जे लिहिलंय तसं करा. मी ‘पर्यंत’ काढला. मामांनी सांगितलं तसं लिहिलं, की हरकत एक जूनच्या आत. एक जून बाहेर, त्याच्या आधीचा शेवटचा क्षणसुद्धा आत. बटण दाबलं, हरकत नोंदली गेली. मग मी शोभाबाईंची जन्मतारीख भरली आणि भरायच्या आधी त्यांची एकच ओळ पडद्यावर आणून मामांना बोटाने दाखवली. त्यांनी मान हलवली. पात्र यादी पुन्हा काढली. शोभाबाईंनी आपल्या नावावर बोट टेकवलं, तसंच ठेवलं आणि म्हणाल्या, आता हाय. ती जागा त्यांनाच मिळाली. आता वसतिगृहात सकाळची घंटा त्या देतात, आणि शेजारच्याच शाळेत शिकणारी माझी मुलगी सांगते की एक मिनिटही इकडेतिकडे होत नाही.

त्या जूनमध्ये मी प्रायश्चित्त घेतलं. सगळी रजिस्टरं पुन्हा मागवली. ज्या मुलीला मी गप्प केलं होतं तिची माफी मागितली आणि तिलाच मुख्य नेमलं. मामा अक्षरी तारीख वाचायचे, ती भरायची, मी तपासायचो. रोज काम उरकल्यावर मूळ फाइल वेगळ्या जागी जपून ठेवायची, हेही मी शिकलो. एक दिवस मामा वाचता वाचता थांबले. म्हणाले, हे तर तुमचं. माझं नाव होतं. मी पडद्यावर पाहिलं, माझीही जन्मतारीख रिकामी. त्या एका ओळीच्या हुकमात मी स्वतःलाही पुसून टाकलं होतं आणि इतके महिने मला पत्ता नव्हता. मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी ते घरून एक वही घेऊन आले. जुनी, दोऱ्याने शिवलेली, शाळेच्या वह्यांसारखीच. ती कुणी पाहिलेली नव्हती, सासूबाईंनीसुद्धा नाही. गुरुजी घाईघाईने एक जून सांगायचे, मामा ते रजिस्टरात लिहायचे, कारण नियम तसाच होता. पण लेकराला घेऊन आलेली आई बाहेर व्हरांड्यात बसलेली असायची. मामा पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर जायचे आणि तिला विचारायचे, बाई, खरं कव्हा झालं हे लेकरू? ती जे सांगेल ते त्यांनी तिच्याच शब्दांत या वहीत लिहून ठेवलं होतं. शोभाबाईंच्या नावासमोर होतं की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, बैल दारात होते. कुणाच्या नावासमोर होतं, नदीला पाणी आलं होतं, सुईण अलीकडे, मी पलीकडे. रजिस्टरात खोटं लिहावं लागलं याची ती भरपाई होती, असं मामा म्हणाले नाहीत. म्हणाले, काय माहीत, कव्हातरी कोणी इचारंल.

माझ्या नावासमोर माझी आई होती. तिला जाऊन बरीच वर्षं झालीत. मी तिला विचारायचो तेव्हा ती म्हणायची, मला काय ठाऊक, शाळेत लिव्हलं असंल. वहीत लिहिलं होतं: ‘आई म्हणते, तूर फुलात होती. पोरगं आधी रडलंच न्हाई. मंग लई रडलं.’ मी ते तीनदा वाचलं. मग दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि मीही तेच केलं, आधी नाही आणि मग खूप. मामा शेजारी बसून राहिले.

मी डेटाबेसमध्ये आणखी एक रकाना वाढवला. त्याला नाव दिलं, ‘आई काय म्हणाली’. वहीतलं सगळं आम्ही त्यात भरलं. कायद्याने त्याचा काही उपयोग नाही, जन्मतारीख एक जूनच राहते. पण शोभाबाईंनी त्यांची ओळ छापून मागितली आणि वसतिगृहातल्या खोलीत लावली. गेल्या कार्तिकात तूर फुलली तेव्हा मामा पुसेगावच्या आपल्या रानातून पिवळी डहाळी घेऊन दुकानात आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, आणि कागदाच्या कडेला त्या दिवसाची तारीख, अंकी आणि अक्षरी.

मी विचारलं, “मामा, तुमच्यासाठी कोणती डहाळी आणू?” संस्थेच्या सेवकांच्या यादीत त्यांचीही तारीख एक जूनच आहे. त्यांनी वर्तमानपत्राच्या त्या कागदाची नीट घडी घातली. मग म्हणाले, “माझी माय रोजानं जायची. कोणत्या पिकात होती, ते इचारायचं राहून गेलं.” मी म्हणालो, निदान ‘ठाऊक नाही’ असं लिहून ठेवतो. ते म्हणाले, काही लिहू नका, रिकामं ते रिकामंच राहू द्या, कव्हातरी कोणी सांगंल. सांगणारं आता कुणी उरलेलं नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्यांच्या ओळीतला तो रकाना मी तसाच ठेवलाय, आणि माझी कुठलीही क्वेरी चुकूनसुद्धा त्याला हात लावणार नाही, एवढी सोय मात्र करून ठेवली आहे.